स्लाइडशोमध्ये आजींचा आवाज आणि मागचं संगीत : किती टक्के ठेवायचं?

नायगावची_सायली | मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची चाळ रिकामी होतेय. मुंबईतल्या नायगावची बीडीडी (जुन्या सरकारी चाळी), तळमजला अधिक तीन, १६० चौरस फुटांच्या खोल्या. टॉवरमध्ये जायच्या आधी जुने-नवे सगळे भाडेकरू एकदा एकत्र जेवायचे असं ठरलंय. हॉल घेतलाय. तिथे दाखवायला चाळीचा स्लाइडशो करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, का तर मी 'दिवसभर कॉम्प्युटरवर असते'. असते, पण जीएसटीची रिटर्न भरत असते.

फोटो ८४ जमलेत. दहीहंडी, आंबेडकर जयंती, गॅलरीतली पापडाची वाळवण, २६ जुलैचं पाणी, सगळं आहे. निवेदन मी करणार होते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना सहज बोलतं केलं आणि माझं निवेदन गुंडाळून ठेवलं. वय ८३, लग्न होऊन ह्याच खोलीत आल्या. फोनवर २२ मिनिटं रेकॉर्ड झालंय, एकेक वाक्य सोन्यासारखं. फक्त डोक्यावर पंखा फुल होता आणि मध्येच कुकरच्या शिट्ट्या आहेत. परत बोलाल का विचारलं तर म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना बाय, आता काय पाठांतर घेतेस?"

अडचण अशी. खाली बासरी लावलीय. ती ३० टक्क्यांवर ठेवली तर आजी ऐकू येत नाहीत, १० वर आणली तर शेजाऱ्यांकडे कुठेतरी रेडिओ चालू असावा तसं वाटतं. नवरा म्हणतो वाढव, सासूबाई म्हणतात काढूनच टाक. जाणकारांनो, नक्की किती टक्के ठेवायचं असतं?

---

बोरकूट | मंगळवार, रात्री ११:५८

मी पयला.

सासूबाईंचं ऐका. कधीही.

---

मंजिरी७८ | बुधवार, सकाळी ६:४०

सायली, पॉवरपॉइंटमध्ये करत असशील तर आधीच सावध करते. मी शाळेच्या वार्षिक अहवालाचा शो त्यात केला होता, प्रत्येक स्लाइडवर आवाज रेकॉर्ड करून. एक स्लाइड जाऊन दुसरी येते ना, त्या संक्रमणाच्या वेळात पॉवरपॉइंट आवाज रेकॉर्डच करत नाही. मी आपली सलग वाचत गेले. कार्यक्रमात मुख्याध्यापिकांसमोर माझं प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दाविना. "यंदा शाळेचा दहावीचा निकाल..." आणि पुढची स्लाइड. निकाल काय लागला ते कळलंच नाही कुणाला.

प्रत्येक स्लाइडच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद गप्प राहायचं, हे नंतर कळलं. मागच्या संगीतासाठी 'प्ले अक्रॉस स्लाइड्स' निवडावं लागतं, नाहीतर पहिली स्लाइड सरकली की संगीत बंद.

---

खरखर | बुधवार, सकाळी ९:१५ (लोकलमधून)

'किती टक्के' ह्या प्रश्नाला उत्तर नाही हो. तुमचं ॲप कशाचे टक्के धरतं कुणास ठाऊक. एक गाणं मुळातच जोरात मुद्रित केलेलं असतं, दुसरं हळू, मग दोन्हींचे ३० टक्के सारखे कसे होतील? डेसिबलमध्ये बोलू. ६ डेसिबल कमी केलं की लहरीची उंची निम्मी होते, पण कानाला आवाज 'निम्मा' वाटायला साधारण १० डेसिबल कमी करावे लागतात. म्हणजे २० कमी केले की कानाला चौथाई.

हा २० चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. वेबवरच्या मजकुराच्या सुगम्यतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची २००८ ची आवृत्ती हेच सांगते: बोलण्याच्या मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली हवा. कमी ऐकू येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय ते. तुमच्या हॉलमध्ये निम्मे प्रेक्षक सत्तरीपुढचे असणार ना? वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, त, क, ट ही व्यंजनं तिथेच असतात. 'ताट' आणि 'काठ' यातला फरक त्यांना एरवीच अंदाजाने लावावा लागतो. त्यावर बासरी घातली की संपलं.

सविस्तर रात्री लिहितो. दादर आलं.

---

तानपुरा | बुधवार, सकाळी १०:३०

बासरी हीच चूक आहे. आवाजाच्या पातळीचा प्रश्न नंतर.

बासरी, सनई, व्हायोलिन, हार्मोनियम, सगळी सलग स्वर धरून ठेवणारी वाद्यं आणि सगळी माणसाच्या गळ्याच्या पट्टीत वावरणारी. आजी बोलतात तिथेच बासरी बोलते. शिवाय बासरीवाला छान वाजवत असेल तर कान चालीच्या मागे जातो, पुढची जागा कुठे घेतोय ते बघायला. निवेदनाखाली चाल नकोच. संतूर चालेल, पण विरळ, आलापातलं. सरोदची खालची सप्तकं चालतील. आणि शब्द असलेलं गाणं तर अजिबात नको, दोन माणसं एकाच कानात भांडतात.

मी असते तर नुसता तानपुरा सोडला असता. आजींच्या बोलण्याचा मुख्य सूर कुठला आहे तो पेटीवर धरून बघायचा आणि त्या पट्टीत तानपुरा लावायचा. काळी दोन, तीन, जे असेल ते.

---

बोरकूट | बुधवार, सकाळी १०:४१

नायगावच्या चाळीच्या दहीहंडीच्या फोटोवर तानपुरा? गोविंदा समाधी लावून खाली येतील.

---

तानपुरा | बुधवार, सकाळी १०:५०

@बोरकूट, दहीहंडीवर आजी बोलत नसतील तेव्हा वाजवा की तुमचे ढोल. बोलण्याखाली काय, एवढंच मी सांगतेय.

---

खरखर | बुधवार, रात्री १०:२०

तानपुराताईंशी नव्वद टक्के सहमत. पट्टीत लावायचं वगैरे थोडं अति वाटतं. बोलणं एका सुरात राहत नाही, सतत वरखाली होतं.

आता क्रमाने. मी जाहिरातींचे आणि माहितीपटांचे आवाज मिसळायचं काम करतो, पण खाली लिहिलेलं सगळं ऑडॅसिटी ह्या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फुकटात होतं.

पहिला आवाज. संगीताला हातही लावू नका. २२ मिनिटांतून आजींचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे निवडा. ८४ फोटो सरासरी सहा सेकंदांनी धरले तर ८ मिनिटं २४ सेकंद होतात. म्हणजे अडीच ते साडेतीन मिनिटं कुणीच बोलत नाही, फक्त फोटो आणि संगीत. तेवढं लागतंच. लोकांना फोटोत स्वतःला शोधायचं असतं, "तो बघ बंड्या" म्हणायचं असतं. सलग बोलणं ठेवलंत तर एकतर आजी ऐकू येणार नाहीत, नाहीतर बंड्या सापडणार नाही.

पंखा: जिथे आजी बोलत नाहीयेत आणि नुसता पंखा ऐकू येतोय असा एखाद-दोन सेकंदांचा तुकडा निवडा. नॉइज रिडक्शनमध्ये आधी त्याची ओळख करून द्या, मग सगळा आवाज निवडून लावा. १२ डेसिबलच्या वर जाऊ नका. सगळा पंखा काढायला गेलात की आजी टाकीत तोंड घालून बोलतायत असं वाटायला लागतं. थोडा पंखा राहू दे, संगीत आलं की त्याच्याखाली झाकला जातो. पण एक गोष्ट इथे हमखास चुकते. आजींच्या तुकड्यात पंखा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये निर्जीव शांतता असं झालं की प्रत्येक वेळी कुणीतरी पंख्याचं बटण दाबतंय असं ऐकू येतं. नुसत्या पंख्याचा तो तुकडा कापून मधल्या जागांत हलका भरा.

मग ८० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवा, तिथे आजी नाहीत, फक्त घरघर आहे. हळू बोललेली वाक्यं हाताने उचला, जोरात हसल्यात तिथे खाली घ्या. आवाजाची टोकं उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. आणि आता संगीत आणा. त्यात १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबलने दाबा. आजींची व्यंजनं तिथे राहतात, संगीताने तिथून उठायचं. एवढं केलंत की तीच बासरीसुद्धा निम्मी कमी टोचेल.

मग ऑटो डक. संगीताचा ट्रॅक वर, आजींचा त्याच्या लगेच खाली, वरचा निवडायचा आणि इफेक्ट द्यायचा. आजी बोलल्या की संगीत आपोआप खाली जातं, थांबल्या की वर येतं. मूळ मांडणीत ते १२ डेसिबल खाली नेतं, तेवढं पुरणार नाही. आधी संगीतच मुळात आठेक डेसिबल कमी करून घ्या.

---

बोरकूट | बुधवार, रात्री १०:२६

डक म्हणजे बदक ना?

---

खरखर | बुधवार, रात्री १०:२९

डोकं खाली घालणं. तू कधी केलेलं नाहीस.

---

अप्पा_गिरगाव | गुरुवार, दुपारी १:०५

वाचतोय. मजा येतेय.

तुमचं हे संगणकावरचं काम आम्ही हाताने करायचो. ऐंशीच्या दशकात आमचा ट्रेकिंगचा ग्रुप होता, हिमालयात जाऊन आलं की दादरला एखाद्या सभागृहात शो. कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर, गोल ट्रेमध्ये ८० पारदर्शिका (स्लाइड). कॅसेटवर एका ट्रॅकवर निवेदन-संगीत आणि दुसऱ्यावर हजार हर्ट्झचा टूं असा इशारा, तो आला की प्रोजेक्टर आपोआप पुढची पारदर्शिका पाडणार, असं यंत्र मिळायचं. आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे मी होतो, मांडीवर संहिता आणि तोंडात पेनटॉर्च. "...आणि समोर शिखर उजळलं" ह्या वाक्यातल्या 'समोर'ला बटण दाबायचं, कारण यंत्राला पाडायला एक सेकंद लागतो. पावसाळ्यात पारदर्शिकांवर बुरशी यायची. एकदा त्या बुरशीलाच प्रेक्षकांनी हिमनदी समजून टाळ्या दिल्या.

निवेदन आकाशवाणीवर नभोनाट्यं करणाऱ्या एका मित्राच्या घरी मुद्रित केलं होतं. त्याने संगीताच्या बटणावर माझा हात ठेवला, वर त्याचा. निवेदक श्वास घेतो, तोंड उघडतो, त्याच्या आधी माझी बोटं खाली ढकलायचा. शब्द सुरू झाल्यावर खाली नेलंस तर पहिला शब्द मेला, म्हणायचा. वर येताना मात्र इतकं सावकाश की मला वाटायचं, झोपला की काय हा. खाली जायला अर्धा सेकंद, वर यायला दोन-तीन सेकंद. आजही कुठलाही माहितीपट बघताना माझी बोटं हलतात.

---

खरखर | गुरुवार, दुपारी १:४०

अप्पा, साष्टांग. हे आम्हाला कुणी हात धरून शिकवलं नाही.

सायली, ऑटो डकमध्येही हे आकडे बदलता येतात. उतरायला अर्धा सेकंद असतोच, चढायचा दोन करा. आणि 'कमाल विराम' म्हणून खाना आहे तो एकवरून तीन सेकंदांवर न्या. नाहीतर आजींनी वाक्यात जरा दम घेतला की संगीत उसळी मारून वर येतं, दमा झाल्यासारखं.

---

नायगावची_सायली | शुक्रवार, रात्री १२:३५

बापरे, किती ते लिहिलंय सगळ्यांनी. वाखू, म्हणजे वाचनखूण, साठवली (माझ्याच धाग्याची!).

दोन रात्री बसले. बासरी काढली, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं एक संतूरसारखं काहीतरी घातलं. पंखा बराच गेला. पट्टा दाबणं केलं आणि काय फरक पडला म्हणून सांगू, आजी एकदम खोलीत येऊन बसल्या. पण एका जागी अडलेय.

आजी गिरणी संपाचं सांगतात: "ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. हे म्हणाले, आठ दिवसांत मिटेल." मग थांबतात. मी मोजलं, पाच सेकंद. त्या पाच सेकंदांत खाली रिक्षा नाही काही नाही, नुसता पंखा आणि कुणीतरी गॅलरीतून चपला फरफटत जातंय. आणि मग म्हणतात, "मग मी चपात्या लाटायला जायला लागले."

ऑटो डकने काय केलं, तिसऱ्या सेकंदाला संतूर वर. झुळझुळ झुळझुळ. पाच सेकंद होताच परत खाली. ऐकून मला रडू यायचं ते हसू आलं. कमाल विराम सहा केला तर इतर ठिकाणी, जिथे संगीत वर यायला हवंय, तिथेही येत नाही.

---

तानपुरा | शुक्रवार, सकाळी ८:१०

तिथे संगीतच काढ. खाली पण नको. "आठ दिवसांत मिटेल" च्या आधीच, हळूहळू विरून जाऊ दे, कुणाला कळणार नाही गेलेलं. पंखा आणि चपला ऐकू येऊ देत. "चपात्या लाटायला" नंतरही लगेच आणू नकोस.

---

खरखर | शुक्रवार, सकाळी ९:२०

+१. त्या यंत्राला फक्त आवाज आहे की नाही एवढंच कळतं. आजी दम खायला थांबल्या, विसरल्या म्हणून थांबल्या की त्यांना सांगायचं नाही म्हणून थांबल्या, हे तुम्हाला कळतं. ऑटो डकने केलेलं मागे घ्या (अनडू) आणि एन्व्हलप टूलने हाताने करा. संगीताच्या ट्रॅकवर टिंबं ठेवत जायचं आणि खाली-वर ओढायचं. आठ मिनिटांना दोन तास लागतील. मीही महत्त्वाच्या कामात हातानेच करतो. ऑटो डक मी कच्च्या प्रतीपुरता वापरतो, हे आधीच सांगायला हवं होतं.

आणि तो गॅलरीतला चपलांचा आवाज पंखा काढताना गेला असेल तर त्या पाच सेकंदांपुरता मूळ आवाज परत आणून बसवा.

---

बोरकूट | शुक्रवार, सकाळी ९:३३

(आज विनोद नाही. माझे आजोबा पण त्या संपात होते.)

---

कलम_कसाई | शुक्रवार, सकाळी ११:००

उशिरा आले. एक कायदेशीर मुद्दा, कारण चाळीतलं कुणीतरी नक्की म्हणणार की जुनं सिनेमाचं गाणं टाका.

'तीस सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं' ही अफवा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेही नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून फार जुनी रेकॉर्ड मोकळी झालेली असू शकते, पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड सुटली तरी गाणं अडकलेलंच असतं. लग्न आणि धार्मिक विधीत वाजवण्याला सूट आहे, चाळीचं जेवण त्यात बसवणं कठीण. आणि नंतर कुणीतरी हौसेने यूट्यूबवर चढवणार, तिथे यंत्र दोन मिनिटांत गाणं ओळखतं.

ऑडिओ लायब्ररीतल्या काही तुकड्यांना श्रेयनिर्देश सक्तीचा असतो, तेवढं तपासून घे, सायली.

---

नायगावची_सायली | शुक्रवार, दुपारी २:१५

तपासलं, माझ्या तुकड्याला लागत नाही. पण तुमच्या प्रतिसादावरून वेगळंच सुचलं. आमच्या चाळीचं भजनी मंडळ आहे. त्यांचा नुसता मृदंग आणि टाळ, शब्दांशिवाय, रेकॉर्ड केला तर? चाल नाही, शब्द नाहीत, हक्काचा प्रश्न नाही आणि वाजवणारे आमचेच.

---

अप्पा_गिरगाव | शुक्रवार, दुपारी २:२०

बाई, हे पहिल्याच दिवशी का नाही सुचलं तुम्हाला!

---

तानपुरा | शुक्रवार, दुपारी ३:००

मृदंग उत्तम. टाळ जपून. टाळांची झणझण अगदी वर, आजींच्या स आणि श च्या अंगावर येते. बोलण्याखाली मृदंग एकटा, ठाय (संथ) लयीत. टाळ फक्त मोकळ्या जागांत.

---

खरखर | शुक्रवार, रात्री ११:१०

हो. आणि मृदंगाचा धुमा (डाव्या हाताची, खर्जातली बाजू) फोनच्या स्पीकरवर ऐकू येत नाही, त्यात खालचे स्वर नसतातच. तुम्हाला वाटेल आवाज कमी आहे, तुम्ही वाढवाल आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरवर धुमा आजींना गिळेल. साध्या इअरफोनवर, टीव्हीवर, फोनवर, तिन्हींवर ऐका. शेवटी आवाज इतका कमी करा की जेमतेम ऐकू यावं. तेव्हाही आजींचं प्रत्येक वाक्य कळायला हवं. आणि ही परीक्षा स्वतः देऊ नका. तुम्हाला सगळी वाक्यं पाठ झालीयेत, आवाज नसला तरी तुम्हाला ऐकू येतील. ज्याने एकदाही ऐकलेलं नाही असा माणूस बसवा.

---

नायगावची_सायली | पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:४८

तातडीची मदत!!! कुणी आहे का?

उद्या कार्यक्रम. आत्ता हॉलवर लावून बघितलं. लॅपटॉपवर नीट आहे. हॉलच्या सिस्टिमला जोडलं की आजी गायब!! संगीत येतंय, तेही पोकळ, भुतासारखं, पण आजींचा एक शब्द नाही. हॉलचा माणूस म्हणतो तुमची फाइल खराब आहे.

---

मंजिरी७८ | शनिवार, संध्याकाळी ७:५२

अगं, कदाचित एकाच बाजूच्या स्पीकरला जातंय. मोनो करून बघ ना फाइल.

---

खरखर | शनिवार, संध्याकाळी ७:५५

थांबा! मोनो करू नका, उरलंसुरलं पण जाईल.

फाइल ठणठणीत आहे. वायर बघा. लॅपटॉपच्या बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन खिळ्यांचा माइकचा कनेक्टर, किंवा एकच जाड पिन, असं आहे का?

---

नायगावची_सायली | शनिवार, संध्याकाळी ७:५७

तीन खिळ्यांचा, हो!

---

खरखर | शनिवार, रात्री ८:०१

तेच. माइकचं ते भोक दोन तारांवर येणाऱ्या आवाजांतला फरक तेवढा घेतं. मुद्दाम तसं केलेलं असतं. माइकच्या वायरीत बाहेरची गुणगुण शिरली तर ती दोन्ही तारांत सारखीच येते, वजाबाकीत कटते. तुमच्या वायरीने डावा आवाज एका तारेवर घातलाय, उजवा दुसऱ्या. आजी फोनवर रेकॉर्ड झाल्या, म्हणजे डावीकडे-उजवीकडे अगदी सारख्या. सारख्यातून सारखं वजा, शून्य. संगीत दोन्हीकडे थोडं वेगवेगळं आहे म्हणून त्याचं भूत उरलं. मोनो केलंत तर संगीतही दोन्हीकडे सारखं, सगळीच वजाबाकी.

आत्ताचा उपाय: लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये उजवी बाजू शून्य करा, डावी पूर्ण. मग वजा करायला काही राहत नाही, आजी परत येतील. संगीताची उजवी बाजू जाईल, जाऊ दे. जमलं तर सगळं मिसळून फक्त डाव्या बाजूला ठेवलेली वेगळी प्रत काढा, म्हणजे काहीच जाणार नाही.

उद्या सकाळी वेळ असेल तर लॅमिंग्टन रोडला कुणालातरी पाठवा (रविवार आहे, आधी फोन करून बघा). हेडफोनची पिन ते दोन वेगळ्या मोनो पिना, अशी वायर मागायची आणि मिक्सरच्या दोन लाइन चॅनेलना लावायची.

---

नायगावची_सायली | शनिवार, रात्री ८:०९

आल्याआल्याआल्या!!!! आजी आल्या!

हॉलचा माणूस अजूनही म्हणतोय फाइल खराब होती.

---

बोरकूट | शनिवार, रात्री ८:११

त्याला सांग, तुझ्यातून तुझ्यासारखाच वजा केला तर काय उरतं.

---

नायगावची_सायली | सोमवार, रात्री ११:२०

झालं एकदाचं. वृत्तांत देते, लांबण लागली तर माफ करा.

मृदंग आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी वाजवला. गिरणीत होते, आता बोटं दुखतात, पण अकरा मिनिटं सलग वाजवलं. गाड्या बंद झाल्यावर, रात्री दीड वाजता, खोलीत सगळ्यांच्या गाद्या भिंतीला उभ्या करून. टाळ नुसते शेवटच्या मिनिटाला, सध्याच्या पोरांच्या फोटोंवर.

ऐकून बघायला दुसऱ्या चाळीतला वॉचमन बसवला. दोन वाक्यं त्याला कळली नाहीत, तिथे मृदंग आणखी खाली घेतला. एन्व्हलपला दोन तास म्हणाला होतात, मला सहा लागले.

संपाच्या जागी सगळं थांबतं तसंच ठेवलं. चपलांचा आवाज परत बसवला. तिथे हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या एका काकांनी मागे वळून बघितलं, कोण चालतंय म्हणून.

आजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पूर्ण वेळ माझ्याकडे रागाने बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हा काय माझा आवाज आहे व्हय? कुणाचा लावलास?" कितीही सांगितलं तरी पटलेलं नाही. आपलाच आवाज हाडांतूनही ऐकू येतो म्हणून बाहेरून वेगळा वाटतो, हे मी समजवायला गेले तर म्हणाल्या, "हाडं माझी, मला सांगतेस?"

@खरखर, @तानपुरा, अप्पा, मंजिरीताई, वकीलताई, कसे आभार मानू कळत नाही. टॉवरमध्ये आलात की चहा नक्की.

---

अप्पा_गिरगाव | सोमवार, रात्री ११:४०

लिफ्ट असेल तर येतो.

---

मंजिरी७८ | मंगळवार, सकाळी ६:३५

किती छान! आणि ते कुकरच्या शिट्ट्यांचं काय झालं? काढल्यास का?

---

नायगावची_सायली | मंगळवार, सकाळी ८:०२

तीन होत्या. दोन कापल्या. तिसरी आजींच्या "पाणी सकाळी चार ते सहा" ह्या वाक्यावरच होती, काढता येईना, म्हणून राहू दिली.

ती वाजली तशी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं गॅस बंद करा!"